पाववाल्याचं वळण

सन्माननीय अध्यक्ष महोदय, मुख्य कंपनीतून खास या कार्यक्रमासाठी आलेले व्यासपीठावरचे पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आपल्या स्टुडिओचे दिग्दर्शक, म्हणजे आपल्या सगळ्यांचे साहेब, पहिल्या रांगेत बसलेले साहेबांचे वडील आणि वहिनी, माझे चित्रकार, प्रोग्रामर आणि चाचणी विभागातले मित्रमैत्रिणी, आणि महत्त्वाची बैठक आहे असं सांगून ज्यांना वरच्या मजल्यावरून खाली आणलं गेलं ते सर्व सहकारी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

सूत्रसंचालकांनी मला बजावलंय की थोडक्यात बोला आणि गोड बोला. यातलं एक तरी पाळायचा प्रयत्न करते.

आधी एक आभार. मागे काचेच्या खोलीत जे बसलेत, आज या सभागृहाचा आवाज ज्यांच्या हातात आहे, ते आमचे कानसेन. आपल्या गेममधला प्रत्येक आवाज त्यांनी केला. जिन्यावरून पावलं ऐकली की कोण आलं हे न बघता सांगायचे, म्हणून हे नाव पडलं. आता ते आपल्याकडे नोकरीला नाहीत, का नाहीत तेही ओघात येईलच. आज ते पाहुणे म्हणून आले आणि मी त्यांना ध्वनीच्या खोलीत बसवलं. त्यामुळे माझा माईक मध्येच बंद पडेल अशी काळजी कुणी करू नये. तशी आशाही करू नये.

आता साहेबांविषयी. साहेबांचा सर्वात मोठा गुण कोणता म्हणाल, तर ऐकून घेण्याचा. तुम्ही काहीही सांगायला जा, साहेब मधे बोलणार नाहीत. शांतपणे ऐकतील, नीट लक्षात ठेवतील, आणि पुढच्या बैठकीत तेच आपल्या सगळ्यांना समजावून सांगतील. हसता काय? ज्यांना असं समजावून घ्यायचा योग आला नाही असा एक तरी माणूस या सभागृहात आहे का?

मघाशी अध्यक्षांनी एक घोषणा केली. आपल्या गेमचा दुसरा भाग साहेब मुख्य कंपनीत बसून करणार आहेत. आणि त्या दुसऱ्या भागात, खेळणाऱ्या सगळ्यांच्या जिवाभावाच्या झालेल्या त्या डोंगरातल्या वळणावर, एक दगड उभा राहणार आहे. त्या दगडावर साहेबांच्या वडिलांचं नाव कोरलेलं असेल. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. हातात गुच्छ होता, त्यामुळे कदाचित ऐकू आल्या नसतील.

मला बोलायचं आहे ते त्या दगडाबद्दल.

पाहुण्यांपैकी ज्यांनी गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आपला गेम शर्यतींचा आहे, पण नुसत्या शर्यतींचा नाही. एक अख्खा मुलूख आहे. शहर, बंदर, शेतं, डोंगर. गाडी घ्यायची आणि वाट फुटेल तिकडे जायचं. शर्यत लावायची तर लावा, नाहीतर नुसते भटका. या मुलखातले रस्ते करणं हे माझं काम. सुरुवातीला सगळं राखाडी ठोकळ्यांचं असतं. घर म्हणजे ठोकळा, झाड म्हणजे ठोकळा, आणि गाडीला कधी कधी चाकंसुद्धा नसतात. एकदा तर चौकातल्या सगळ्या गाड्या एकमेकींना “आधी तुम्ही, आधी तुम्ही” करत जागच्या जागी थांबल्या आणि दिवसभर हलल्याच नाहीत. इतका सभ्यपणा मी या इमारतीत पुन्हा कधी पाहिला नाही.

आपल्याकडे एक रीत आहे, ती जुन्यांना माहीत आहे. ज्याने रस्ता केला त्याने तो सर्वात आधी चालवायचा, बाकीच्यांनी खुर्चीमागे उभं राहून बघायचं. आणि स्टुडिओ सोडून जाणाऱ्याने, जाताना, सगळ्यांसमोर मोठ्या पडद्यावर एक फेरी मारायची, आपल्या सर्वात आवडत्या रस्त्यावरून, नकाशा आणि बाण बंद करून. आपण तिला निरोपाची फेरी म्हणतो. आजही ती होणार आहे. पडद्यावर जी गाडी उभी दिसते आहे ती त्याचसाठी आहे. साहेब, मघापासून तुमची नजर तिच्याकडे जाते आहे, म्हणून सांगितलं.

तर ते वळण.

माझे वडील पावाची गाडी चालवायचे. आमचं गाव डोंगरमाथ्यावर, भट्टी गावात, आणि गिऱ्हाईक खालच्या गावांमधून. शाळेला सुट्टी असली की मी पुढच्या सीटवर. मागे पत्र्याचे ट्रे रचलेले. जाताना भरलेले असायचे म्हणून गप्प, आणि परतताना रिकामे, म्हणून चढभर खडखडत यायचे. तो खडखडाट आईला घरात ऐकू यायचा आणि ती चहा ठेवायची. उतारावर एक वळण होतं. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, रस्ता एकच गाडी जाईल एवढा, आणि पलीकडचं काही म्हणता काही दिसत नाही. वडील त्या वळणाच्या अलीकडे गाडी थांबवायचे, इंजिन बंद करायचे, काच खाली करायचे आणि मला म्हणायचे, “आता गप्प. खालून कोण येतंय ते ऐकू दे.”

मग विचारायचे, काय ऐकू आलं? मी म्हणायचे, कुणी नाही. आणि ते गाडी काढायचे. स्वतः पुन्हा ऐकायचे नाहीत. माझ्या शब्दावर काढायचे. मला आयुष्यात पुष्कळ जणांनी विचारलंय की तुला रस्त्यांचं वेड कुठून लागलं. ते इथून लागलं.

हे वळण मी आपल्या गेममध्ये केलं. भरधाव गेलात आणि खालून कुणी आलं, तर थेट दरीत. थांबलात, इंजिन बंद केलंत, तर खालून येणारी गाडी आधी ऐकू येते. कानसेन आमच्या गावी येऊन राहिले. वडिलांच्या शेजारी बसून त्यांनी तो चढ, ते इंजिन, ते रिकामे ट्रे, सगळं रेकॉर्ड केलं. वडील तेव्हा थकले होते, पण त्या दिवशी धुतलेला शर्ट घालून आले. त्यांना वाटलं फोटो काढणार आहेत.

आणि मग बैठक झाली. मी, साहेब आणि कानसेन. साहेब म्हणाले, शर्यतीच्या गेममध्ये थांबायचं? उद्या पोहण्याच्या तलावात पाणी नको म्हणाल. तेव्हा मी त्यांना हे सगळं सांगितलं, आत्ता तुम्हाला सांगितलं तसं, काच खाली करण्यापर्यंत. वळण वाचवण्यासाठी सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं. त्यांचा गुण मी आधीच सांगितला आहे.

वळण राहिलं, पण ते माझ्या बोलण्यामुळे नाही. ते काढायचं तर अख्खा डोंगर नव्याने करावा लागला असता आणि तेवढा वेळ नव्हता. मी विनंती केली की निदान इंजिन बंद कसं करायचं हे मदतीच्या पानावर लिहा, लोकांना कळणार कसं? साहेबांनी जे उत्तर दिलं ते मला शब्दशः आठवतं. ते म्हणाले, “ज्याची लाज वाटते त्याची जाहिरात करायची नसते.” त्यामुळे मदतीच्या पानावर ते आजही नाही. ही गोष्ट कृपया लक्षात ठेवा.

गेम बाजारात आला त्याआधीच्या हिवाळ्यात माझे वडील गेले.

आणि गेमचं स्वागत कसं झालं, ते तर आपण सगळ्यांनीच भोगलंय. साहेबांची स्वतःची म्हणावी अशी कल्पना गेममध्ये एकच होती, शेजारच्या सीटवरचा तो आवाज. “वा रे वाघा”, “अजून जोरात”, “आता डावीकडे, राजा”. एका परीक्षणात लिहून आलं की या गेममध्ये गाडी चालवण्यापेक्षा शेजारच्याला गप्प करण्यातच जास्त वेळ जातो. दुसऱ्याने लिहिलं, नकाशावर इतक्या खुणा आहेत की रस्ता शोधावा लागतो. आणि त्या वळणावर लोक धडाधड दरीत पडायला लागले. शिव्या यायला लागल्या. तेव्हा साहेबांनी जाहीर निवेदन काढलं. हे वळण म्हणजे एका सहकाऱ्याच्या हातून झालेली चूक आहे, पुढच्या अपडेटमध्ये ती दुरुस्त केली जाईल. परीक्षणांतल्या बाकी सगळ्या गोष्टींबद्दल अवाक्षर नाही, खापर फुटलं ते एका वळणावर. नाव घेतलं नव्हतं, पण रस्ते कोण करतं हे कुणाला ठाऊक नव्हतं? त्यानंतर बरेच दिवस कँटीनमध्ये माझ्या टेबलावर कुणी बसलं नाही. जे बसले नाहीत तेही आज इथे आहेत. त्यांनाही माझा नमस्कार.

पुढे काय झालं? अपडेट यायच्या आत एका खेळाडूच्या हातून त्या वळणाआधी चुकून पायाचा आणि हाताचा असे दोन्ही ब्रेक एकदम दाबले गेले. इंजिन बंद पडलं. आणि त्या शांततेत तिला खालून येणारे ट्रे ऐकू आले. ती तशीच थांबली, पावाची गाडी शेजारून वर गेली, आणि ती रडायला लागली. तिने ते चित्रण लोकांपुढे टाकलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे. माणसं शर्यती सोडून त्या वळणावर येऊन नुसती उभी राहायला लागली. ज्यांनी गेमची सालं काढली होती त्यांनी परीक्षणं नव्याने लिहिली. एकाने म्हटलं, या मुलखात शेकडो रस्ते आहेत, लक्षात एकच राहतो. आपल्या स्टुडिओच्या कपाटात पुरस्काराचं जे मानचिन्ह आहे ते त्या वळणामुळे मिळालेलं आहे.

आणि ज्या आठवड्यात वळण गाजलं, त्याच आठवड्यात साहेबांना त्यांचं बालपण आठवलं.

ती मुलाखत मी घरी आईबरोबर पाहिली. साहेब सांगत होते, माझे वडील डोंगरात गाडी चालवायचे. मी पुढच्या सीटवर असायचो. वळण आलं की ते इंजिन बंद करायचे, काच खाली करायचे, म्हणायचे, गप्प, ऐकू दे. आणि मग माझ्या शब्दावर गाडी काढायचे. मुलाखत घेणारीच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेब म्हणाले, मी आजही रोज सकाळी गेममधल्या त्या वळणावर जातो, इंजिन बंद करतो आणि वडिलांना भेटतो. आई माझ्याकडे वळून म्हणाली, “यांचे वडीलपण पावाची गाडी चालवायचे का गं?”

मी काय सांगणार होते तिला? कल्पना चोरली तर माणूस दुसरी काढतो. मी अशा कितीतरी सोडून दिल्या, हिशेबही ठेवला नाही. पण मला दुसरे वडील कुठून आणायचे? आणि आई? नवरा गेला आणि वर्षाच्या आत तो दुसऱ्या कुणाचा तरी बाप झालेला तिने टीव्हीवर पाहिला. त्या दिवशी मी ठरवलं की ओरडायचं नाही, राजीनामा द्यायचा नाही. निरोपाच्या फेरीची वाट बघायची. साहेब मोठे होणार, वर जाणार, आणि जाताना त्यांना फेरीची ही खुर्ची चुकणार नाही, याची मला खात्री होती. त्यांच्या बढतीसाठी या इमारतीत माझ्याइतकी मनापासून प्रार्थना कुणी केली नसेल.

कानसेनांना तेवढा धीर नव्हता. त्यांनी दुसऱ्याच दिवशी सगळ्यांसमोर साहेबांना विचारलं की ज्या गाडीत बसून मी आवाज घेतला ती कुणाच्या वडिलांची होती. महिन्याभरात त्यांची जागा अनावश्यक ठरली.

आता एक अवघड गोष्ट. बाबा, तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात आणि मला तुमचा अपमान करायचा नाही. आज चहाच्या वेळी आपण बोललो. मी तुम्हाला विचारलं की तुम्ही कुठली गाडी चालवायचात. तुम्ही हसलात आणि म्हणालात, “गाडी? अगं, मला गाडी लागते. मागे बसतो तरी खिशात पिशवी ठेवतो.” तुम्ही म्हणालात, मी शिंपी, जन्मभर मशीन चालवलं, तेवढंच काय ते चालवणं. साहेबांच्या अंगावरचा हा कोट तुम्ही आजच्यासाठी शिवलात, खांद्याला जरा सैल ठेवलात, कारण लहानपणापासून त्यांना घट्ट कपडा सोसत नाही. मी मुलाखतीचा विषय काढला, तर तुम्ही म्हणालात, मुलगा म्हणाला की ती दाखवलीच नाही.

ती दाखवली, बाबा. सगळ्यांनी पाहिली. तुम्ही तेवढे तिच्यात नव्हता. चोरी माझ्याकडे झाली, पण घराबाहेर काढलं गेलं ते तुम्हाला.

साहेब, उठू नका. म्हणजे उठाच, पण इकडे या. तुमची फेरी बाकी आहे. पाठ दुखते? अहो, पाठीने कुठे चालवायची आहे? अध्यक्ष महोदय, रीत आहे, आपण आज्ञा करावी. धन्यवाद. नकाशा बंद आहे, बाण बंद आहेत, आणि तो शेजारचा आवाज मी कायमचा काढून टाकला आहे. हा कंट्रोलर घ्या. रस्ता तुमचाच आहे, रोज सकाळी जाता.

निघाले. छान. थोडं कठड्याला घासलं, हरकत नाही, रोजच्या रस्त्यावर माणूस गाफील असतो. इथे डावीकडे. डावीकडे, साहेब. हं. हे झाड आलं म्हणजे वळण आलं.

पडली दरीत. कुणी हसू नका, कृपा करा. पहिल्या वेळी सगळेच पडतात.

पुन्हा घ्या. आता बरोबर थांबलात, झाडाच्या अलीकडे. इंजिन अजून चालू आहे. ते तेवढं बंद करा, मुलाखतीत सांगितलंत तसं. नाही, ते हॉर्नचं. ते वायपरचं. घाई नाही, सभागृह रिकामं करून द्यायला अजून वेळ आहे.

काय म्हणालात? मागे ऐकू आलं नसेल, म्हणून मी माईकवर सांगते. साहेब मला विचारताहेत, इंजिन बंद कसं करायचं.

कुणी सांगू नका. इथे दारातल्या सुरक्षारक्षकालासुद्धा हे माहीत आहे. जगभर ज्यांनी हा गेम खेळला त्यांना माहीत आहे. मदतीच्या पानावर ते नाही, कारण ज्याची लाज वाटते त्याची जाहिरात करायची नसते. द्या इकडे. दोन्ही ब्रेक एकत्र, आणि धरून ठेवायचे. एवढंच होतं.

कानसेन, आवाज मोठा करा. आता गप्प. खालून कोण येतंय ते ऐकू दे.

ऐकलंत? ट्रे रिकामे आहेत. म्हणजे पाव संपलाय आणि माणूस घरी निघालाय. हे माझे वडील आहेत. जाऊ द्या त्यांना, वाट द्या.

गेले.

अध्यक्ष महोदय, दगड जरूर लावा. माझ्या वडिलांचं नावही नको, त्यांना ते आवडलं नसतं. “पाववाल्याचं वळण” एवढंच कोरा. आणि बाबा, त्या रस्त्याच्या पायथ्याला जे गाव आहे तिथे मी एक शिंप्याचं दुकान करणार आहे. दार उघडं, आत उजेड, आणि गाडीचं इंजिन बंद केलं की मशीनचा आवाज येईल. कानसेन तुमच्याकडे येतील, त्यांना शेजारी बसू द्या. तुमच्या मुलाकडून हे राहून गेलं, म्हणून मी करते आहे.

आयोजकांचे, अध्यक्षांचे, काचेच्या खोलीतल्या माझ्या मित्राचे आणि इतका वेळ गप्प बसून ऐकणाऱ्या आपणा सर्वांचे आभार. बोलण्याच्या भरात नकळत कुणाला काही लागलं असेल, तर त्याने मोठ्या मनाने मला क्षमा करावी. जे मुद्दाम लागावं म्हणून बोलले, त्याची क्षमा मी मागत नाही.

आणि साहेब, पुढच्या प्रवासाला शुभेच्छा. वहिनींचा गुच्छ, मानपत्र, सगळं आठवणीने घेऊन जा. त्या मानचिन्हाकडे मात्र बघू नका, ते कपाटातच राहील. ते तुमचं नाही.

धन्यवाद.